परत फिरणं परवडलं पाहिजे

टांझानियातल्या किलिमांजारोची मोहीम आखायला बसलेल्या कुठल्याही गटाची चर्चा ऐकावी. विमानाचं तिकीट कुठून स्वस्त पडेल, डाउन जॅकेट विकत घ्यायचं की पायथ्याच्या मोशी शहरात पोचल्यावर भाड्याने, ऑफिसातून किती रजा मिळेल, समिटवर कोणता झेंडा न्यायचा, यावर तासन्‌तास खल होतो. शिखर ५,८९५ मीटर उंच आहे, आफ्रिकेतलं सर्वोच्च आहे आणि नेहमीच्या वाटांनी जायला दोर-कुऱ्हाडीचं प्रशिक्षण लागत नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. एक प्रश्न मात्र त्या चर्चेत सहसा निघत नाही. वाटेत आपल्यापैकी कुणाला परत फिरावं लागलं, तर ते त्याला परवडेल का?

परवडण्यात पैसा आला, पण पैसा हा त्याचा लहान भाग. वर्षभराची साठवलेली रजा, घरच्यांना आणि सोसायटीत सांगून ठेवलेली बातमी, प्रायोजकाला दिलेला शब्द, बरोबरच्या नऊजणांच्या नजरा, ‘पुन्हा कधी येणार आपण इथे’ ही रुखरुख, हे सगळं त्या किमतीत धरायला हवं. ट्रेक आखताना आपण नकळत एकेक गोष्ट अशी ठरवत जातो की प्रत्येक निर्णयाबरोबर परत फिरणं थोडं थोडं महाग होतं. शेवटी शिखराच्या रात्री, रक्तातला प्राणवायू कमी झालेला आणि डोकं नीट चालत नसताना, माणसापुढे असा पर्याय उरतो की तो घेण्याची त्याची ऐपतच नसते. गाइडबरोबरचा, अनेक दिवसांचा, उंचावरचा ट्रेक चांगला आखला आहे की वाईट, हे जोखायला माझ्याकडे एकच कसोटी आहे: त्या आखणीत परत फिरण्याची किंमत किती ठेवली आहे? ती जितकी कमी, तितकी आखणी चांगली. बाकी जॅकेट, बूट, काठ्या ही सगळी दुय्यम बाब आहे.

परत फिरण्याची वेळ कोणावर येईल, हे आधी सांगता येत नाही. उहुरूवर, म्हणजे किलिमांजारोच्या सर्वोच्च शिखरावर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा असतो. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, पण दाब घटल्यामुळे दर श्वासाला फुप्फुसांत येणारा प्राणवायू निम्म्यावर येतो. शरीर आधी श्वासाचा वेग आणि खोली वाढवून ही तूट भरून काढू पाहतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि तेच पुन्हा श्वासाला लगाम घालतं. हा लगाम सैल करायचं काम मूत्रपिंडांचं. जादा बायकार्बोनेट बाहेर टाकायला त्यांना दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. लोणचं मुरायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच, बरणी हलवून ते लवकर मुरत नाही. शरीराचं विरळ हवेशी जमणंही तसंच आहे.

या प्रक्रियेचा वेग माणसागणिक वेगळा असतो आणि तंदुरुस्तीशी त्याचा संबंध फार थोडा. सिंहगड पाऊण तासात चढणारा, मॅरेथॉन धावणारा, अलंग-मदन-कुलंग पाठीवर पिशवी घेऊन केलेला तरुण चार हजार मीटरवर उलट्या करत झोपून राहतो आणि साठीचा, हळू चालणारा माणूस शांतपणे जेवत असतो, असं घडतं. उलट तंदुरुस्त माणसाला एक जास्तीचा धोका असतो. त्याचे पाय त्याला वेगाने वर नेतात आणि फुप्फुसं, मेंदू, मूत्रपिंडं मागे राहतात. सह्याद्रीने आपल्याला पाय दिले, उतारावरचा तोल दिला, घसाऱ्यावर न घाबरण्याची सवय दिली, आणि शिखरावरून उतरताना या साऱ्याचा फार उपयोग होतो. विरळ हवेचा अनुभव मात्र सह्याद्री देऊ शकत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. किलिमांजारोच्या मारंगू वाटेचं प्रवेशद्वारच त्याहून उंच, सुमारे १,८६० मीटरवर आहे. आपल्या डोंगरांची उंची जिथे संपते, त्याच्याही वर तिथली चाल सुरू होते. म्हणून ‘मी इतके गड केलेत’ हा हिशेब तिथे पुरत नाही आणि गटातल्या सर्वांत दणकट माणसालाही परत फिरायची वेळ येऊ शकते, हे गृहीत धरूनच कागद पुढे ओढायला हवा.

त्या कागदावरचा पहिला आकडा दिवसांचा असतो. मारंगू ही किलिमांजारोची जुनी, लाकडी झोपड्यांत मुक्काम असलेली वाट. तिच्यावर पहिला मुक्काम मंदारा, २,७२० मीटर. दुसरा होरोंबो, ३,७२०. तिसरा किबो, ४,७२०. त्याच मध्यरात्री शिखराकडे निघायचं. पाच दिवसांच्या कार्यक्रमात मुक्कामाची उंची रोज बरोबर एक हजार मीटरने वाढते. रानावनातल्या वैद्यकशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीची शिफारस अशी आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एकदा त्याच उंचीवर थांबावं. म्हणजे पाच दिवसांची मारंगू ही शिफारशीच्या दुप्पट वेगाने चढते. सहा दिवसांच्या कार्यक्रमात होरोंबोला एक रात्र वाढते. त्या एका रात्रीमुळे पुष्कळ फरक पडतो.

दक्षिणेकडून जाणाऱ्या माचामे वाटेवरही असंच आहे. शिरा पठारावरून तिसऱ्या दिवशी लावा टॉवरपाशी, सुमारे ४,६०० मीटरपर्यंत चढायचं आणि झोपायला ३,९६० मीटरच्या आसपास बारांकोला उतरायचं. त्या दिवशी उंचीचा हिशेब शून्याच्या जवळपास येतो आणि नेमका त्याचाच फायदा होतो. शरीराला वरची हवा दाखवून खाली आणलं जातं. यानंतर सहा आणि सात दिवसांच्या कार्यक्रमांच्या वाटा वेगळ्या होतात. सात दिवसांत चौथा मुक्काम कारांगाला, सुमारे ४,००० मीटरवर असतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुमारे ४,६७० मीटरवरच्या बाराफूला पोचून विश्रांती मिळते. सहा दिवसांत कारांगाचा मुक्काम गाळतात. बारांकोची भिंत चढून, दरीतून खालीवर करत थेट बाराफू, संध्याकाळी चार घास आणि मध्यरात्री शिखरासाठी प्रयाण. दमलेलं शरीर आणि अपुरी सवय, दोन्ही एकाच रात्री एकत्र येतात. जाहिरातीत दोन्ही कार्यक्रमांचं नाव एकच असतं, फोटोही तेच असतात. किंमत तेवढी वेगळी असते.

आणि किंमत का वेगळी असते, तेही समजून घ्यायला हवं. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानात संवर्धन शुल्क दर दिवसाला आणि तंबूचं शुल्क दर रात्रीला आकारतात. परदेशी ट्रेकरसाठी दोन्ही मिळून, करांसह, दिवसाला शंभर डॉलरच्या पुढे जातं. त्यावर गाइड, स्वयंपाकी, पोर्टर यांची मजुरी आणि सगळ्यांचं जेवण. आयोजकाला पॅकेज स्वस्त दाखवायचं असेल तर विमानभाडं त्याच्या हातात नसतं, उद्यानाचे दर नसतात. हातात असतात दोनच गोष्टी: दिवस आणि माणसं. म्हणून स्वस्त पॅकेजमध्ये या दोहोंपैकी एकाला किंवा दोघांनाही कात्री लागलेली असते. गिऱ्हाईक आकडा बघून खूश होतो. वाचलेला पैसा कुणाच्या तरी शरीरातून वसूल होणार आहे, हे पावतीवर कुठेच छापलेलं नसतं.

वाढवलेला दिवस दोन प्रकारे काम करतो. एक तर परत फिरण्याची गरजच कमी करतो. दुसरं म्हणजे थोडं बिनसलं तर सावरायला जागा देतो. डोकं दुखायला लागलेल्या माणसाला एक दिवस त्याच उंचीवर थांबता आलं, तर बऱ्याचदा तो दुसऱ्या दिवशी ठीक होतो. घट्ट कार्यक्रमात त्याच्यापुढे दोनच वाटा असतात, आजारी अवस्थेत वर जाणं किंवा मोहीम सोडणं. तिसरी, मधली वाट पैसे देऊन विकत घ्यावी लागते आणि ती आखणीतच घ्यावी लागते. डोंगरावर गेल्यावर ती मिळत नाही, कारण परवाने दिवसांच्या हिशेबाने आधीच काढलेले असतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी तीन-चार दिवस शेजारच्या माउंट मेरूवर, ४,५६२ मीटरवर जाऊन यावं. अरुषाजवळचा तो डोंगर स्वतःच सुंदर आहे आणि आपलं शरीर उंचीवर कसं वागतं, हे किलिमांजारोच्या आधी कळतं. मग एखाद्याने मेरूवरूनच ‘माझं इथेच पुरे’ म्हटलं, तरी तो रिकाम्या हाताने घरी येत नाही.

या डोंगराच्या पहिल्या चढाईची हकिकतच या मुद्द्याची साक्ष देते. जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मेयर १८८७ साली बर्फाच्या कडेपर्यंत पोचून परतला. पुढच्या वर्षी किनाऱ्यावरच्या उठावात तो कैदेत सापडला आणि डोंगराजवळ फिरकूही शकला नाही. १८८९ साली ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर याला घेऊन तो पुन्हा आला, तेव्हा त्याने आखणी बदलली. उतारावर टप्प्याटप्प्याने तळ टाकले आणि खालून ताजं धान्य वर येत राहील अशी माणसांची सोय केली. एक प्रयत्न फसला तर पार पायथ्याशी जावं लागू नये, हा त्यामागचा विचार होता. ३ ऑक्टोबरला दोघे विवराच्या कडेवर पोचले. सर्वोच्च बिंदू अजून दूर आहे हे दिसलं, अंगात त्राण नव्हतं, आणि ते परत फिरले. तीन दिवसांनी, ६ ऑक्टोबरला ते पुन्हा चढले आणि शिखरावर उभे राहिले. पुस्तकांत ६ तारीख छापली जाते. मला ३ तारीख जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवशी परत फिरणं त्यांना परवडलं, कारण वरच्या तळावर अन्न होतं आणि हातात दिवस होते. ते अन्न पाठीवरून वर आणणाऱ्या स्थानिक माणसांची नावं बहुतेक ठिकाणी येत नाहीत, त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे.

दिवसांइतकीच महाग पडते ती तारीख. महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक मोहिमा एखाद्या दिवसाला बांधलेल्या असतात: २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १ मे, १५ ऑगस्ट. त्या दिवशी शिखरावर तिरंगा किंवा भगवा फडकवायचा, ही भावना मी हलकी मानत नाही. पण तारखेचा हवेशी काही करार नसतो. किलिमांजारोला वर्षातून दोन कोरडे हंगाम असतात, जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत तिथे मोठा पाऊस असतो. महाराष्ट्र दिनाचं शिखर गाठायचं म्हणजे भर पावसात, चिखलातून आणि वर ताज्या बर्फातून जायचं. इतर तीन तारखा हंगामात बसतात, तरी अडचण उरतेच. शिखराची रात्र एकदा तारखेला खिळली की हवा बिघडली म्हणून एक दिवस थांबणं म्हणजे अख्खी मोहीम फसणं, असा अर्थ होतो. प्रायोजकाचा फलक, वर्तमानपत्राला आधीच दिलेली बातमी, शाळेत ठरलेला सत्कार, यांनी तो अर्थ आणखी पक्का होतो. लहान मुलांच्या ‘सर्वांत कमी वयात’ अशा विक्रमांत तर ही किंमत मुलाच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली असते. डोकं दुखतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय, हे मोठ्या माणसालाही नेमकं सांगता येत नाही. आईबाबांची निराशा दिसत असताना दहा-अकरा वर्षांचं मूल ते कसं सांगणार? झेंडा शिखरावर न्यावा, जरूर न्यावा. पण कोणत्या दिवशी, हे डोंगराला ठरवू द्यावं आणि बातमी खाली आल्यावर द्यावी. एवढ्या एका बदलाने कितीतरी जिवांवरचा भार उतरेल.

आता गाइडकडे येऊ. किलिमांजारोवर परवानाधारक गाइडशिवाय जाताच येत नाही. हा नियम चांगला आहे, पण गाइड बरोबर असणं आणि गाइडच्या शब्दाला वजन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाइडचा रोजगार समाधानी गिऱ्हाइकावर चालतो. बक्षिसी शेवटी, खाली उतरल्यावर मिळते आणि शिखर झालेला माणूस हात सैल सोडतो, हे तो अनुभवाने जाणतो. त्याची कंपनी ‘यशाचं प्रमाण’ म्हणून टक्केवारी जाहिरातीत मिरवत असते. अशा परिस्थितीत पहाटे साडेपाचला, ५,७५६ मीटरवरच्या स्टेला पॉइंटला, पुढचे दीडशे मीटर दिसत असताना ‘तुम्ही आता खाली चला’ म्हणणं गाइडच्याही खिशाला परवडत नाही. म्हणजे त्याचीही परत फिरवण्याची किंमत आपणच वाढवून ठेवलेली असते.

एव्हरेस्टवर १९९६ च्या मे महिन्यात जे घडलं त्यातून जगाने घेतलेला धडा हाच आहे. तिथल्या मोहिमांचे प्रमुख अतिशय अनुभवी होते. दुपारी किती वाजता कुठेही असलात तरी मागे वळायचं, याची चर्चा आधी झालेली होती. तरी माणसं त्या वेळेच्या पुढे चढत राहिली आणि १०-११ मेच्या वादळात आठजण गेले. वेळ ठरवणं पुरेसं नसतं. ती पाळणाऱ्याला तोटा होणार नाही, अशी व्यवस्था करावी लागते. किलिमांजारोच्या बाबतीत ती अवघड नाही. गाइडची आणि सगळ्या माणसांची बक्षिसी किती, हे निघण्याआधी गटाने ठरवावं आणि शिखर होवो न होवो, ती तेवढीच मिळेल असं सर्वांसमोर सांगावं. मागे वळायची वेळ लिहून ठेवावी. शिखराच्या रात्री दोन ट्रेकरमागे एक गाइड असावा, म्हणजे एकाला खाली न्यावं लागलं तर बाकीच्यांची चढाई थांबत नाही. गाइड कमी असले की आजारी माणसाच्या मनावर सर्वांत मोठं दडपण येतं: माझ्यामुळे सगळ्यांचं शिखर जाईल. या दडपणाखाली माणसं लक्षणं लपवतात. जादा गाइडचा खर्च हा खरं तर ते दडपण काढून टाकण्याचा खर्च आहे.

मराठी गटांच्या बाबतीत इथे एक खास गुंता आहे. पुण्या-मुंबईहून गटाबरोबर आपला एक ट्रेक लीडरही जातो. गटाचा विश्वास त्याच्यावर असतो, बोलणं मराठीत त्याच्याशी होतं. ‘जरा डोकं जड आहे रे’ हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचतं आणि तिथेच थांबतं. टांझानियन गाइड मात्र डोळ्यांनी बघून अंदाज बांधत राहतो. लीडरला स्वतःच्या माणसांचं शिखर मनापासून हवं असतं, म्हणून तोही नकळत वाट बघतो, अजून तासभर बघू, असं म्हणतो. हे टाळायचं तर दोन गोष्टी निघण्यापूर्वी स्पष्ट हव्यात. अंतिम शब्द कुणाचा, तर स्थानिक मुख्य गाइडचा, आणि हे लीडरने स्वतः गटाला सांगायचं. दुसरं, रोज संध्याकाळी प्रत्येकाची लक्षणं त्या गाइडसमोर विचारली जावीत. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर यांना गुण देऊन पर्वतीय आजार ओळखण्याची लेक लुईस पद्धत साधी आहे, कुणालाही शिकता येते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मदत करतो, पण त्याच्या आकड्याने माणसाच्या तोंडच्या उत्तराची जागा घेता कामा नये.

वाटेची निवडही याच कसोटीवर करावी. वेस्टर्न ब्रीचची वाट थेट विवरात चढते, रोमांचक आहे, पण तिथून मागे उतरणं अवघड आणि वरून दगड येण्याचा धोका कायमचा. २००६ च्या जानेवारीत तिथे दगड कोसळून तीन अमेरिकन गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. जिथून परत फिरता येत नाही अशी वाट, पहिल्यांदाच या उंचीवर येणाऱ्या माणसासाठी नाही. याउलट बाराफूच्या वाटेचं मोठं बळ म्हणजे तिचा उतार. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊ लागली तर खरा उपचार एकच, खाली उतरणं, आणि बाराफूवरून काही तासांत सुमारे ३,१०० मीटरवरच्या म्वेका तळापर्यंत येता येतं. विम्याचंही तसंच. पुष्कळ प्रवास-विम्यांत ठराविक उंचीच्या वरचा ट्रेक वगळलेला असतो. ६,००० मीटरपर्यंत हेलिकॉप्टरसह बचाव धरलेला आहे ना, हे पॉलिसीचा कागद वाचून पाहावं. ते धरलेलं नसेल तर अडचणीच्या क्षणी खर्चाची चर्चा सुरू होते आणि माणूस तंबूत पडून राहतो.

आणि आता ती माणसं, ज्यांच्या पाठीवर हा सगळा कार्यक्रम उभा असतो. एका ट्रेकरमागे तीन-चार माणसं डोंगरावर जातात. आपण पाण्याची बाटली आणि रेनकोट घेऊन चालतो, ती माणसं तंबू, गॅस, धान्य, खुर्च्या घेऊन आपल्याआधी पोचतात. कारांगानंतर वाटेत पाणी नाही. बाराफूवर आपल्या हातात येणारा चहाचा कप म्हणजे कुणीतरी सहा-सातशे मीटर उंच वाहून आणलेलं पाणी. पोर्टरच्या ओझ्याची मर्यादा २० किलो ठरलेली आहे, वजन करण्याची पद्धतही आहे आणि किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था मजुरी, जेवण, झोपण्याची जागा यांवर लक्ष ठेवून चांगल्या कंपन्यांची नोंद ठेवते. तरीही स्वस्त पॅकेजमध्ये पहिला चिमटा यांनाच बसतो.

माझी कसोटी त्यांनाही लागू आहे, किंबहुना आधी त्यांनाच. विरळ हवा पोर्टरचं शरीर वेगळं मानत नाही. त्यालाही डोकेदुखी होते, त्याच्याही फुप्फुसांत पाणी होऊ शकतं, आणि त्याचे बूट, त्याचं जॅकेट आपल्याइतकं चांगलं नसतं. पण त्याची मजुरी दिवसांवर असते. आजारी पडून दुसऱ्या दिवशी खाली गेला तर पुढच्या दिवसांचे पैसे गेले, बक्षिसीतला वाटा गेला आणि पुढच्या वेळी बोलावणं येईल याची खात्री गेली. परत फिरणं सर्वांत महाग असतं ते त्याला. इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप या संस्थेने सांगून ठेवलं आहे की आजारी पोर्टरला एकट्याने खाली धाडू नये, त्याची भाषा जाणणारा माणूस सोबत द्यावा आणि उपचारापुरते पैसे द्यावेत. म्हणून आयोजकाला हा प्रश्न सरळ विचारावा: तुमचा पोर्टर तिसऱ्या दिवशी आजारी पडून उतरला, तर त्याला पूर्ण मोहिमेची मजुरी मिळते का? याचं उत्तर ‘हो’ असेल, तर ती कंपनी तुम्हालाही सांभाळील, असा विश्वास ठेवायला जागा आहे. जी आपल्या माणसाला पैसे कापून खाली पाठवते, ती वेळ आल्यावर गिऱ्हाइकाच्या बाबतीतही हिशेबच करील.

या सगळ्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला पैशाचा. आठ दिवस, जास्तीचे गाइड, पूर्ण मजुरी, मोठा विमा, हे मध्यमवर्गीय माणसाने आणायचं कुठून? ही अडचण खरी आहे. पण तिचं उत्तर कमी दिवसांत तोच डोंगर हे नाही. एक वर्ष थांबणं, पैसे साठवणं किंवा कमी उंचीचा, पुरेशा दिवसांचा दुसरा डोंगर निवडणं, ही उत्तरं आहेत. डोंगर आपल्या बजेटमध्ये बसवायला गेलं की बजेट सुरक्षिततेतूनच कापलं जातं.

दुसरा आक्षेप धोक्याचा. धोका काढून टाकला तर गिर्यारोहणात उरलं काय? स्वतःच्या हिमतीवर, स्वतःचं ओझं वाहत, दोघातिघांनी डोंगराला भिडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी धोका स्वतः निवडलेला असतो. गाइडबरोबरच्या ट्रेकमध्ये आपल्या निवडीचा धोका आणखी दहाजण उचलतात, पोटासाठी. त्यांच्या जिवावर आपण शूर होऊ नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परत फिरणं इतकं सोपं करून ठेवलं, तर थोडा त्रास होताच सगळे माघारी येतील, मग जिद्दीचं काय? शिखराच्या रात्री त्रास तर होणारच. मध्यरात्रीची शून्याच्या कितीतरी खालची थंडी, एक पाऊल वर आणि अर्धं मागे अशी राखेसारखी वाट, झोप, भूक नसणं, कंटाळा, रडू येणं, हे सगळं सोसण्यासारखं आहे आणि तिथे जिद्दच कामाला येते. पण सरळ रेषेत पाऊल न टाकता येणं, साध्या प्रश्नाला भलतं उत्तर देणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, यांच्याशी जिद्दीचा काही संबंध नाही. ती शरीर कोसळत असल्याची लक्षणं आहेत आणि अशा वेळी पुढे टाकलेलं पाऊल म्हणजे शौर्य नव्हे. हे दोन प्रकार कुठे वेगळे होतात ते खालीच, डोकं शाबूत असताना, प्रत्येकाने लिहून काढावं आणि गाइडला, लीडरला, तंबूतल्या सोबत्याला सांगून ठेवावं. एकदा ही रेघ ओढलेली असली की माणूस थंडीला आणि कंटाळ्याला जास्त निर्धाराने तोंड देतो, कारण प्रत्येक कळ जीवघेणी आहे का, ही धास्ती त्याच्या मनातून गेलेली असते. परत फिरणं परवडणारा माणूस लवकर हार मानत नाही. मेयरने तिसऱ्या फेरीत, तेही एकदा विवराच्या कडेवरून माघारी येऊन मगच शिखर गाठलं, हे विसरू नये.

महाराष्ट्रात आज उंचावरच्या ट्रेकची मोठी लाट आहे. घरोघरी निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी, कॉलेजची मुलं किलिमांजारोची, एव्हरेस्ट बेस कॅम्पची तयारी करताहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. त्यामुळेच आयोजकांवर आणि आपल्यावर जबाबदारी वाढली आहे. आयोजकांनी किती जणांना शिखर मिळालं हे सांगताना किती जणांना परत आणलं, कोणत्या उंचीवरून, कोणत्या कारणाने, हेही सांगावं. त्यात लाज नाही, उलट तोच त्यांच्या कामाचा खरा पुरावा आहे. आपण घरच्यांना आणि मित्रांना निघताना ‘शिखर करून येतो’ ऐवजी ‘डोंगरावर जाऊन येतो’ असं सांगावं, आणि अर्ध्यातून परतलेल्याला पहिला प्रश्न ‘किती राहिलं होतं?’ असा विचारू नये.

ॲडव्हान्स भरण्याआधी आयोजकाला हे विचारा: मुक्काम किती आणि रोज किती उंची वाढते? शिखराच्या रात्री किती गाइड? मागे वळायची वेळ कोणती आणि अंतिम शब्द कुणाचा? आजारी ट्रेकरबरोबर खाली कोण जातं? आणि आजारी पोर्टरला पूर्ण मजुरी मिळते का? जो या प्रश्नांची उत्तरं न कुरकुरता, लेखी देतो, त्याच्याबरोबर निर्धास्त जा. जो ‘तुम्ही काळजी करू नका, आपले सगळे समिट करतात’ एवढंच म्हणतो, त्याच्याकडे पैसे भरू नका, मग त्याचं पॅकेज कितीही स्वस्त असो.